तंबाखू कंपन्यांचे २०६ अब्ज डॉलर: आरोग्याच्या नावाने आले, गेले कुठे?

उंबराचं_फूल

राम राम मंडळी. धागा जरा रुक्ष वाटेल, पण इथे हिशेबात नाक खुपसायची आवड असलेले बरेच जण आहेत म्हणून काढतेय.

आमच्या नॉर्थ कॅरोलायनात सध्या ओपिऑइड गोळ्यांच्या (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक) खटल्यांतले तडजोडीचे पैसे काउंट्यांकडे, म्हणजे जिल्ह्यांकडे, येतायत. त्यावर कुठेही चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "तंबाखूच्या पैशाचं झालं तसं होऊ देऊ नका." मी या देशात आले तोवर तो विषय शिळा झाला होता, म्हणून मुळापासून वाचून काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९४ मध्ये मिसिसिपी राज्याचे मुख्य सरकारी वकील, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल माइक मूर यांनी पहिला दावा लावला. सिगारेटीमुळे आजारी पडलेल्या गरिबांचा दवाखान्याचा खर्च मेडिकेडमधून राज्य करतं, तो कंपन्यांनी भरून द्यावा, एवढीच मागणी. मग बाकीच्यांनी रांग लावली. मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास आणि मिनेसोटा यांनी आपापल्या तडजोडी केल्या. उरलेल्या ४६ राज्यांनी मिळून २३ नोव्हेंबर १९९८ ला चार मोठ्या कंपन्यांशी करार केला. पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर आणि त्यानंतरही दरवर्षी हप्ता चालूच. जाहिरातीतली कार्टून बंद, रस्त्यावरचे मोठे फलक बंद, कंपन्यांचे आतले कागदपत्र जगजाहीर.

पैसा कशावर खर्च करायचा याबद्दल मात्र करारात अक्षर नाही. राज्यांनी आपलं बघून घ्यावं.

परिणाम: कॅम्पेन फॉर टोबॅको-फ्री किड्स ही संस्था दरवर्षी हिशेब मांडते. त्यांच्या २०२० च्या आर्थिक वर्षाच्या अहवालात हप्ते आणि तंबाखूवरचे कर मिळून राज्यांची जमा २७.२ अब्ज डॉलर होती. त्यातून तंबाखू रोखण्यावर आणि सोडवण्यावर खर्च ७४ कोटी. म्हणजे २.७ टक्के. सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था म्हणते सगळ्या राज्यांनी मिळून वर्षाला ३.३ अब्ज खर्चावेत.

आमच्या राज्याने तर निम्मा वाटा 'गोल्डन लीफ' नावाच्या संस्थेला दिला. तंबाखूवर जगणाऱ्या गावांचं अर्थकारण सावरायला. पाव वाटा तंबाखू शेतकऱ्यांच्या निधीला आणि पाव आरोग्य निधीला. या तिघांतला २०११ मध्ये विधिमंडळाने बंद कुठला केला असेल? आरोग्याचा.

माझं मत: हा पैसा बांधून द्यायला हवा होता. निदान निम्मा तरी. तुमच्या राज्यांत काय झालं? आणि भारतात असं काही होऊ शकतं का?

---

खडूस_लेखापाल

ताई, धाग्याच्या शीर्षकालाच माझी हरकत आहे. "आरोग्याच्या नावाने आले" हे अर्धसत्य झालं. दावा भरपाईचा होता. राज्याने करदात्यांच्या पैशातून दवाखान्यांची बिलं आधीच चुकती केली होती. त्या वर्षांत शाळेला किंवा रस्त्याला तेवढे पैसे कमी मिळाले असतील. आता परतफेड आली तर ती पुन्हा शाळेला जाण्यात गैर काय? मिशिगनने हुशार मुलांच्या शिष्यवृत्त्या काढल्या त्यातून. नेव्हाडानेही. त्याला उधळपट्टी म्हणाल?

---

निवांत_कासव

दोन नंबरच्या प्रतिसादातच हरकत! चहा ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

---

उंबराचं_फूल

@खडूस_लेखापाल, कायद्याने तुमचं बरोबर असेल. पण १९९८ ला टीव्हीसमोर उभे राहून सगळे अ‍ॅटर्नी जनरल मुलांना सिगारेटीपासून वाचवण्याबद्दल बोलत होते. तेव्हा कुणी "ही आमच्या तिजोरीची परतफेड आहे, आम्ही वाटेल ते करू" असं म्हटल्याचं वाचनात नाही. लोकांचा पाठिंबा मुलांच्या नावावर घ्यायचा आणि पैसा आला की परतफेड म्हणायचं?

---

एडिसनचा_एडका

न्यू जर्सीची बाजू मी मांडतो, कारण आमच्या राज्याने जे केलं ते ऐकून तुमचं गोल्डन लीफ तुम्हाला देवमाणूस वाटेल.

हप्ता दरवर्षी थोडाथोडा येतो. राजकारण्याला वाट बघवत नाही. मग वॉल स्ट्रीटवरच्या कुणीतरी सांगितलं, पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे हप्ते गहाण टाका, आज एकरकमी घ्या. रोखे काढायचे, रोखे घेणाऱ्याला सांगायचं की कंपन्यांचा हप्ता आला की तो थेट तुला. जर्सीने २००२ आणि २००३ मध्ये असे रोखे विकले आणि अंदाजपत्रकातलं भगदाड बुजवलं. रोजचा खर्च! पूल नाही, दवाखाना नाही, काही नाही. पुढे तर अशी वर्षं गेली की जर्सीने तंबाखू प्रतिबंधासाठी राज्याच्या तिजोरीतून एक पैसा दिला नाही. शून्य. सिगारेटवरच्या कराचा एक टक्का तरी त्याला द्या असा कायदा व्हायला २०१७ उजाडलं.

आणि हे साधे रोखे झाले. दुसरा एक प्रकार आहे, त्यात वर्षानुवर्षं व्याजही द्यायचं नाही आणि मुद्दलही नाही, सगळं चक्रवाढीने साचत जातं आणि चाळीसेक वर्षांनी एकदम बोकांडी बसतं. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये या रोख्यांचा हिशेब लावला. काही राज्यं, काउंट्या आणि बेटांनी मिळून आज सुमारे ३ अब्ज डॉलर उचलले आणि त्या बदल्यात पुढे ६४ अब्ज द्यायचं लिहून दिलं. आमच्या गावचा सावकार बरा म्हणायचा. सही करणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा खुर्चीत नसणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

@खडूस_लेखापाल, परतफेड म्हणा हवं तर. पण परतफेडीचे पैसे गहाण टाकून तीन वर्षांचा किराणा भरणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात?

---

खडूस_लेखापाल

रोख्यांचं समर्थन मी केलेलं नाही. माझं म्हणणं शिष्यवृत्तीपुरतं होतं. बाकी एक बाजू सांगतो. सिगारेटीचा खप घसरत होता, एखादी कंपनी बुडेल अशी भीती होती. अशा वेळी धोका रोखेवाल्याच्या गळ्यात मारून आज रोख घेणं हा कागदावर तरी अगदीच येडेपणा नव्हता. येडेपणा रोख उडवण्यात होता.

---

सदू_सोडावॉटर

न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा काउंटीने यातून गोल्फ कोर्सला पाण्याचे फवारे बसवले म्हणे. हिरवळ तरी निरोगी राहिली ना! उगाच बोलताय सगळे.

---

एडिसनचा_एडका

ते फवारे आता या विषयातलं सर्वांचं लाडकं उदाहरण आहे. नॉर्थ कॅरोलायनात तंबाखू वाळवायच्या कोठारांच्या सुधारणेला पैसे गेले, ते दुसरं.

---

तलसाची_तुळस

ओक्लाहोमातून नमस्कार. आमच्याकडे बघा जरा, आमचं राज्य एरवी कशातच पहिलं येत नाही.

२००० साली इथे मतदानाने राज्यघटना बदलली. घटना, साधा कायदा नाही. हप्त्याचा ठरावीक भाग एका कायमच्या निधीत टाकायचा आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त त्याची कमाई वापरायची. हल्ली हप्त्यातले पंचाहत्तर टक्के तिकडे जातात. निधीचं नाव टीसेट. त्याच्या विश्वस्त मंडळावरची सात माणसं सात वेगवेगळे निवडून आलेले पदाधिकारी नेमतात, म्हणजे एकट्या गव्हर्नरच्या मनात आलं म्हणून तिजोरी उघडत नाही. आज त्यात एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम आहे.

मी इथल्या एका दवाखान्यात श्वसनविकारांच्या विभागात काम करते. सिगारेट सोडायची म्हणणाऱ्या पेशंटचा फॉर्म आम्ही भरून पाठवतो आणि हेल्पलाइनवाले त्यालाच फोन करतात, निकोटिनचे पॅच घरपोच येतात. पेशंटच्या खिशाला खार नाही. माझा एक ट्रकवाला पेशंट आहे, फोन उचलायचाच नाही. समुपदेशक बाई पण चिवट, त्याच्या गाडीच्या फेऱ्यांचं वेळापत्रक विचारून घेतलं आणि तो डिझेल भरायला थांबतो त्या वेळेला फोन लावायला लागली. शेवटी म्हणाला, बायकोपेक्षा हिचे फोन जास्त येतात. हे असलं काम करायला पगारी माणूस लागतो आणि तो पगार दरवर्षी यावा लागतो. एक वर्ष आला, दोन वर्षं नाही, असं चालत नाही.

आमदारांचा डोळा असतोच त्या निधीवर. अंदाजपत्रक तुटीत आलं की कुणीतरी म्हणतंच, "एवढे पैसे पडून आहेत." पण घटना बदलायची तर पुन्हा लोकांकडे मतं मागायला जावं लागतं.

---

उंबराचं_फूल

@तलसाची_तुळस, हेच हवं होतं. फ्लोरिडानेही २००६ मध्ये मतदानानेच घटनेत घातलं की २००५ सालच्या हप्त्याच्या १५ टक्के एवढी रक्कम, पुढे महागाईप्रमाणे वाढवत, दरवर्षी तंबाखू प्रतिबंधावर खर्चायची. त्याच्या उलट मिसिसिपी. जिथून सगळं सुरू झालं तिथे कोर्टाच्या आदेशाने वर्षाला २ कोटी डॉलर शाळकरी मुलांच्या कार्यक्रमाला मिळत होते. तिथले गव्हर्नर हेली बार्बर कोर्टात गेले, "पैसा कुठे द्यायचा हे विधिमंडळ ठरवेल" म्हणाले आणि २००६ मध्ये तो झरा आटला. हे गृहस्थ गव्हर्नर व्हायच्या आधी लॉबिस्ट, म्हणजे कंपन्यांसाठी सरकारदरबारी वजन वापरणारे, होते, आणि त्यांच्या फर्मच्या अशिलांत तंबाखू कंपन्या होत्या. मी फक्त सांगतेय, अर्थ तुम्ही लावा.

---

निवांत_कासव

लावला.

---

चादरवाला_सोलापूर

इतका वेळ नुसता वाचत होतो. भारतात होईल का असं विचारलंय, तर सांगतो, आपल्याकडे बांधलेला पैसा होता. अमेरिकेच्या कराराच्या बावीस वर्षं आधी.

१९७६ चा विडी कामगार कल्याण निधी कायदा. विड्यांवर उपकर लागायचा, हजार विड्यांमागे काही रुपये, आणि तो पैसा फक्त विडी कामगारांसाठी. दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरांना अनुदान. माझी आई आणि मावशी दोघी विड्या वळायच्या. सुपात तेंदूची पानं, ओली करून फडक्यात गुंडाळलेली. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळायचं, तोंड नखाने दाबायचं, दोरा. हजार झाल्या की कारखान्यात न्यायच्या. तिथे तपासणारा मूठमूठ विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत आणि विड्या परतही नाहीत. आईची बोटं कायम काळपट-पिवळी. रात्री भाकरी थापताना आम्हाला वास यायचा तंबाखूचा, तिला येत नसे.

विडी कामगाराचं कार्ड होतं म्हणून आमच्या वह्या-पुस्तकांना दरवर्षी थोडे पैसे यायचे. दवाखान्यात औषध मिळायचं, कधी नसायचं, डॉक्टर असले तर. पण होता दवाखाना. आईचा खोकला तिथल्याच कागदावर आहे सगळा.

२०१७ ला जीएसटी आला. एक देश एक कर, म्हणून बरेचसे उपकर रद्द झाले, त्यात हाही गेला. योजना कागदावर राहिल्या, पण त्यांच्या मागचं हक्काचं खातं संपलं. आता केंद्राच्या अंदाजपत्रकात जे मिळेल ते. कुणी चोरला नाही, कुणी गोल्फ कोर्स बांधला नाही. एका मोठ्या सुधारणेत एक छोटी ओळ खोडली गेली. आमच्याकडे मोर्चे निघाले, पण दिल्लीत ती बातमी सुद्धा नव्हती.

म्हणून @उंबराचं_फूल ताई, बांधून देणं पुरत नाही. बांधणाऱ्याचा कायदा दुसऱ्या कायद्याने सुटतो.

---

एडिसनचा_एडका

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो दादा.

---

सदू_सोडावॉटर

आणि वर २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलने विडीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. सिगारेटवाल्याला ४० आणि विडीवाल्याला सूट. विडी काय आयुर्वेदिक आहे का?

---

चादरवाला_सोलापूर

कामगारांच्या नावाने दिली सूट. वळणावळीचा दर किती वाढला ते विचारा एकदा सोलापुरात येऊन. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं आहेत विडी कामगार बायांची, कुठलंही दार वाजवा. तीही अशीच लढून मिळवलेली आहेत, कामगार नेते आडम मास्तरांच्या मागे वर्षानुवर्षं मोर्चे काढून. आपोआप आलेला पैसा आम्ही तरी पाहिला नाही.

---

घरचा_वकील

भारतात खटला होईल का, यावर दोन शब्द.

आधी अमेरिकेतल्या करारातली खरी मेख कुणीच सांगितली नाही. हप्ता ठरतो तो देशभर किती सिगारेटी विकल्या गेल्या त्यावर. महागाईप्रमाणे दरवर्षी किमान तीन टक्के वाढतो आणि खप घटला की घटतो. म्हणजे राज्य सरकार त्या दिवसापासून सिगारेटच्या धंद्यात भागीदारच झालं. २००३ मध्ये इलिनॉयच्या एका कोर्टाने 'लाइट' सिगारेटीच्या प्रकरणात फिलिप मॉरिसला १०.१ अब्ज डॉलर भरायला सांगितले आणि अपिलासाठी १२ अब्जांची हमी मागितली. कंपनी म्हणाली, मग राज्यांचा पुढचा हप्ता आम्हाला जमणार नाही. झालं! ज्यांनी या कंपनीवर खटले भरले होते त्याच राज्यांचे अ‍ॅटर्नी जनरल कोर्टात धावले, हमीची रक्कम कमी करा म्हणून. अर्ज वाचताना कोण कुणाचा वकील आहे ते समजत नाही. (इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो निकालच फिरवला.)

आपल्याकडे: सरकारने लोकांच्या वतीने कंपनीशी भांडायचं, हे भोपाळला झालं आहे. १९८५ चा खास कायदा, १९८९ ला ४७ कोटी डॉलरची तडजोड. पैसा पीडितांसाठीच होता, तरी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की उरलेले १५०३ कोटी रुपये वाटून टाका. इतकी वर्षं ते रिझर्व्ह बँकेत होते. बांधलेला पैसा असा नुसता पडूनही राहतो.

आणि तंबाखूवर दावा लावणार कुणावर? २०१६-१७ च्या 'गॅट्स' या तंबाखूसेवनाच्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळे खाणारे आणि घासणारे. अमेरिकेत चार कंपन्या टेबलाशी बसल्या की बाजार जवळपास पुरा झाला. आपल्याकडे मळायची तंबाखू, मिश्री, पुड्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो बनवणारा कागदावर अस्तित्वातच नाही. त्याच्याकडून हप्ता कसा घेणार?

---

सदू_सोडावॉटर

गुटखेवाल्याकडून हप्ता घेणारे आहेत की. फक्त तो सार्वजनिक आरोग्यावर खर्च होत नाही.

---

निवांत_कासव

आजचा सर्वोत्तम प्रतिसाद. धागा बंद करा.

---

बुजगावणं_वऱ्हाडी

अन् एलआयसी विसरले का बे सगळे? सिगारेटवाल्या आयटीसीचे पंधराएक टक्के शेअर तिच्यापाशी हायेत. २०१७ मधी मुंबई हायकोर्टात त्यावर जनहित याचिका बी झाली होती. सरकार खटला भरन आयटीसीवर, म्हंजे आपल्याच खिशावर.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं सिगारेट कोन ओढते राजेहो. खर्रा. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत टाकते अन् पाटीवर ठेवून तळहातानं घोटते, घोटते, पार पन्नी गरम होईस्तोवर. शाळेतले पोट्टे बी मागतेत. तोंडच उघडत नाही मंग पुढं, दोन बोटं जात नाहीत.

पैसा कुठून आणाव म्हनता तं आमच्याकडं खनिजाचा हाय. २०१५ पासून जिल्हा खनिज निधी. खान ज्या जिल्ह्यात, पैसा त्याच जिल्ह्यात, अन् मोठा हिस्सा पानी-आरोग्य-शाळेवरच खर्चाव असा नियम. तरी त्याच्यातून काय काय बांधकाम होते ते एकदा पाहून घ्या. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हाय, २०१६ पासून, सर्च अन् टाटा ट्रस्ट अन् सरकार मिळून. गावातल्या बायाच ठेल्यावरून खर्रा उठवतेत, गावसभेत ठराव घेतेत. त्याले कोटी-कोटी लागत नाही, पन मानूस कायमचा लागते. तुळसताईनं लिवलं तेच.

---

मायबोलीतली_माऊ

खर्ऱ्यावरून आठवलं, माझी आजी मिश्री लावायची. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की आम्ही सगळी नातवंडं ठसकत अंगणात पळायचो. आजोबांना ती म्हणायची, "तुम्ही विडी ओढता ते व्यसन. मी दात घासते." यावर कुठलं कोर्ट निकाल देणार!

---

निपाणीचा_नाना

इथे सगळ्यांनी गोल्डन लीफला झोडपलंय, मी त्यांची बाजू घेणार. शिव्या खायची तयारी ठेवून.

मी तंबाखूच्या घरातला. निपाणी भागात आमच्या वडिलांची पाच एकर, सगळी विडीची तंबाखू. १९८१ चं आंदोलन मी लहानपणी पाहिलं. शरद जोशींच्या मागे शेतकरी हायवेवर दिवसेंदिवस बसले होते, कारण वखारवाला दर पाडायचा आणि काट्यात मारायचा ते वेगळंच. शेवट गोळीबाराने झाला, माणसं मेली. म्हणून मला कुणी सांगू नये की तंबाखू पिकवणारा म्हणजे तंबाखू कंपनी.

अमेरिकेत खटला कंपन्यांवर झाला, पण कंपन्यांनी खरेदी कमी केली तेव्हा मार शेतकऱ्याला बसला. किती पिकवायचं याचे त्यांचे सरकारी कोटे उतरत गेले. २००४ मध्ये कोटा पद्धतच मोडली, तेव्हा दहा अब्ज डॉलरच्या आसपास भरपाई ठरली आणि तीही कंपन्यांकडून वसूल झाली. विचार करा, कोटा गेला म्हणून शेतकऱ्याला पैसे! आमच्याकडे पोस्टर येतं, 'तंबाखूऐवजी सोयाबीन लावा'. सोयाबीनचा दर काय चाललाय ते पोस्टरवाल्याने सांगावं.

गावाला दुसरं काही उभं करून दिलंत तरच तिथला आमदार उद्या तंबाखूवरच्या कराच्या बाजूने हात वर करेल. तेही सार्वजनिक आरोग्यच झालं.

---

उंबराचं_फूल

नाना, शिव्या कशाला, मुद्दा पटतो. पण वाळवणीची कोठारं सुधारून दिली तर शेतकरी तंबाखू सोडतोय की नीट पिकवतोय? आणि तिन्हींतला आरोग्याचाच निधी का बंद झाला? त्याच निधीतून शाळकरी मुलांसाठी 'ट्रू' नावाची मोहीम चालायची, मुलांनीच मुलांना सांगायची. शेतकऱ्यांना मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. त्यांची बाजू घेणारे सभागृहात होते, पंधरा वर्षांच्या पोरांची बाजू घेणारं कोणी नव्हतं.

---

निपाणीचा_नाना

कोठारांचं मान्य. ते चुकीचंच.

---

बे_एरियातला_बोका

कॅलिफोर्नियातून एक आडवा मुद्दा. आमच्याकडे हप्त्याचा निम्मा वाटा काउंट्यांना आणि चार शहरांना गेला, राज्याचा निम्मा २००३ मध्ये रोखे काढून गहाण. म्हणजे जर्सीचेच भाऊबंद. तरीही तंबाखू कमी करण्यात कॅलिफोर्नियाचं नाव घेतात, ते कशामुळे? १९८८ च्या प्रॉपोझिशन ९९ मुळे. मतदानाने पाकिटावर २५ सेंट कर लावला आणि त्यातला २० टक्के आरोग्य शिक्षणाला असं तिथेच लिहून टाकलं. कराराच्या दहा वर्षं आधी! २०१६ ला पुन्हा मतदानाने पाकिटामागे दोन डॉलर वाढवले. करार झाला नसता तरी आमचा कार्यक्रम चाललाच असता.

दुसरं: करार झाल्या झाल्या, त्याच नोव्हेंबरात मोठ्या कंपन्यांनी पाकीट ४५ सेंटनी महाग केलं. म्हणजे दंड भरला तो ओढणाऱ्याने. पण महाग झाल्यामुळेच पोरांचं ओढणं कमी झालं, हेही खरं. करारातून आरोग्याला सगळ्यात जास्त जे मिळालं ते त्या ४५ सेंटने दिलं, असं मला वाटतं.

---

एडिसनचा_एडका

आणि पोरांना सिगारेटीपासून दूर ठेवणाऱ्या देशभरच्या 'ट्रूथ' मोहिमेने. ती करारातूनच निघाली, आणि तिचे पैसे राज्यांच्या हाताला लागले नाहीत म्हणून टिकली. २००० सालची जाहिरात आठवते का कुणाला, न्यूयॉर्कमध्ये तंबाखू कंपनीच्या दारात पोरं १२०० प्रेतपिशव्या आणून रचतात, रोज मरणाऱ्यांच्या हिशेबाने? मी तेव्हा इथे नवीन, डॉर्ममध्ये पाहिली. रूममेटने पाकीट खिडकीतून फेकलं. (अर्ध्या तासाने खाली जाऊन घेऊन आला.)

---

टोरांटोची_थंडी

कॅनडात ताजं आहे. मार्च २०२५ मध्ये कोर्टाने ३२.५ अब्ज कॅनेडियन डॉलरची तडजोड मंजूर केली. प्रांतांना २४.७ अब्जांच्या आसपास, क्युबेकमधल्या आजारी लोकांना आणि इतरांना वेगळे, एक अब्जाहून थोडे जास्त एका फाउंडेशनला तंबाखूच्या आजारांच्या निदान-उपचार-संशोधनासाठी. प्रांतांच्या पैशावर प्रतिबंधाची अट? नाही. कॅन्सर सोसायटीने आरडाओरडा केला, प्रांतांनी ऐकून घेतलं. सत्तावीस वर्षांनी शेजारच्याचं पाहूनही.

---

खडूस_लेखापाल

मग ओपिऑइडवाले जास्त शहाणे निघाले म्हणायचे. २०२१ च्या २६ अब्जांच्या मोठ्या करारात निदान ८५ टक्के ओपिऑइडच्या दुष्परिणामांवरच खर्चायचे असं लिहून घेतलंय. तंबाखूची ठेच लागूनच.

पण @उंबराचं_फूल, त्या ८५ टक्क्यांतही पळवाट आहे. जिथे काउंटी आधीपासून स्वतःच्या पैशाने एखादं व्यसनमुक्ती केंद्र चालवत होती, तिथे आता तडजोडीचा पैसा लावायचा आणि आपला पैसा हळूच काढून घ्यायचा. कागदावर शंभर टक्के खर्च व्यसनमुक्तीवर, प्रत्यक्षात एक खाट वाढली नाही. वड्याचं तेल वांग्यावर. हिशेबतपासणीत हे दिसत नाही, कारण पैसा खरोखर तिथेच गेलेला असतो. लेखापाल म्हणून सांगतो, हे पकडायचं तर मागच्या पाच वर्षांचा त्याच खात्यावरचा खर्च शेजारी ठेवून बघावा लागतो.

---

उंबराचं_फूल

हे फार उपयोगाचं आहे. आमच्याकडे ८५ टक्के पैसा स्थानिक सरकारांनाच मिळतो, तो वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि कशावर खर्चणार त्याचा ठराव करावा लागतो. वर्षातून एक बैठक लोकांसाठी खुली. आता त्या बैठकीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. तुम्ही असता तर काय विचारलं असतं?

---

खडूस_लेखापाल

वर लिहिलंय तेच. "तडजोड यायच्या आधी काउंटी व्यसनमुक्तीवर स्वतःचे किती खर्चत होती आणि यंदा किती?" दोन आकडे मागा. भाषण नको.

---

तलसाची_तुळस

मी विचारलं असतं की यातून किती लोकांना नोकरीवर ठेवणार आणि किती वर्षांसाठी. इमारत, गाड्या, सल्लागार सांगायला लागले की समजायचं.

---

घरचा_वकील

पुढचे हप्ते गहाण टाकणार नाही असा ठराव आत्ताच मागा. पुढच्या मंडळाला तो मोडता येईल, पण मोडायला पुन्हा खुल्या बैठकीत मतदान घ्यावं लागेल.

---

चादरवाला_सोलापूर

ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यातला एक तरी त्या समितीवर आहे का, ते विचारा.

---

बुजगावणं_वऱ्हाडी

अन् काउंटीत गोल्फ कोर्स हाय का ते आधीच पाहून ठेवा.

---

उंबराचं_फूल

आहे!! पाण्याची तक्रारही चालू आहे त्याची.